तीन वर्षांचा प्रोजेक्ट आणि जन्मभराचा एसएस पॅटर्न

मनीषा_इंदोरा | १८ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

वॉर्डातून लिहिते आहे. मुलगा आत्ता कुठे झोपला, सलाईन सुरू आहे. नागपुरात थंडी पडली की आमचं हे दरवर्षीचं. पहाटे पाय धरून उठतो, मग कंबर, मग छाती. या वेळी दोन रात्री घरीच गरम पाणी, शेक, गोळ्या सगळं केलं. तिसऱ्या दिवशी ऑटो बोलावला.

तो चौदा वर्षांचा आहे. सिकलसेल आहे, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो जन्मजात आजार. त्यातला एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आईवडील दोघांकडून आलेला. माझ्या भावाचा मुलगाही एसएस, वय तेरा. दोघांचं रक्त एकाच आठवड्यात तपासलं होतं आणि रिपोर्टवर एकच शेरा होता. भाचा आजवर एकदाच ॲडमिट झाला. माझा मुलगा ही एकविसावी वेळ. आकडा पाठ आहे कारण मी वहीत लिहून ठेवते.

एकाच घरातली दोन मुलं, आजार तोच, मग एवढा फरक का? भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरांना मी हे विचारलं. कोणी म्हणालं शरीर-शरीरात फरक असतो, कोणी म्हणालं संशोधन सुरू आहे. हा धागा त्या दुसऱ्या उत्तरासाठी काढला, कारण ते संशोधन माझ्या घरी येऊन गेलं आहे.

मुलगा साडेतीन वर्षांचा असताना एका सरकारी प्रोजेक्टमध्ये त्याचं नाव घातलं. दर तीन महिन्यांनी एका ताईंचा फोन यायचा. वजन, उंची, किती वेळा दुखलं, किती वेळा रक्त चढवलं, सगळं विचारायच्या आणि एक ट्यूब रक्त घ्यायच्या. जाण्यायेण्याचे पैसेही द्यायच्या. सही घेताना म्हणाल्या होत्या, "यातून पुढच्या मुलांना काय द्यायचं ते कळेल." मी मनापासून सही केली. सव्वादोन वर्षांत आम्ही एकही तारीख चुकवली नाही, एकदा तर भर पावसात बर्डीवरून चालत गेलो. मग फोन येणं बंद झालं. शेवटी मीच गेले तर खोलीला कुलूप. शेजारच्या विभागातले शिपाईकाका म्हणाले, "प्रोजेक्ट संपला, मॅडम गेल्या."

त्या रक्तातून काय निघालं ते मला आजवर कळलेलं नाही. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण कोणा एकाशी नाही. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की अशा आजारांच्या संशोधनाला सरकारचा पैसा कसा येतो, किती येतो आणि मधेच का थांबतो. माहिती असेल त्यांनी सविस्तर लिहा. मी रात्री जागीच असते.

---

वैनगंगाकाठ | १८ डिसेंबर, रात्री ११.५५

ताई, आधी मुलाला लवकर बरं वाटू दे.

तुम्हाला फोन करणाऱ्या त्या ताईंच्या जागी मी होते. तुमच्या प्रोजेक्टवर नव्हते, दुसऱ्या एका रक्तविकाराच्या कामावर टेक्निशियन होते. आतलं चित्र सांगते.

विभागातले डॉक्टर प्रस्ताव लिहितात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग तो मंजूर करतो, बहुतेक वेळा तीन वर्षांसाठी. पहिला हप्ता आला की माणसं घ्यायची, किट मागवायचे. पुढचा हप्ता मिळतो आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर. ते कागद कुठल्याही टेबलावर अडकले की आमचा पगार अडकतो. मी एकदा सलग पाच महिने बिनपगारी काम केलं. घरी सांगायची लाज वाटायची, कारण "सरकारी नोकरी" म्हणून सासरी पेढे वाटले होते.

कंत्राट सहा-सहा महिन्यांचं. तिसरं वर्ष लागलं की प्रत्येक जण दुसरीकडे अर्ज करत असतो. एक गेली की तिच्यासोबत दोनशे घरांची ओळखही जाते. कोणत्या आईला सकाळी फोन चालत नाही, कोणाचे वडील रक्त काढायला नाही म्हणतात, कोणतं पोरगं सुई पाहून पळतं, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि फ्रीजर. नमुने उणे ८० अंशांवर ठेवतात. प्रोजेक्ट सुरू असेपर्यंत फ्रीजरच्या देखभालीचा खर्च त्याच पैशातून भागतो. प्रोजेक्ट बंद झाला की ते बिल कोणी भरायचं हा प्रश्न उभा राहतो. मे महिन्यात नागपूरची वीज गेली की मी रात्री दोनलाही जनरेटर सुरू झाला का ते विचारायला फोन करत असे. ते काम सोडून सहा वर्षं झाली, पण उन्हाळ्यात लाइट गेली की आजही पहिला विचार त्या फ्रीजरचाच येतो.

त्या ताई तुम्हाला विसरल्या नसतील. आम्ही कोणीच विसरत नाही.

---

साधा_प्रश्न | १९ डिसेंबर, सकाळी ८.१०

कोणी राग मानू नका, पण मला हे वेगळं दिसतं. माझी लहान बहीण एसएस आहे. मागच्या महिन्यात रात्री एक वाजता रक्ताची बाटली शोधत मी तीन रक्तपेढ्या पालथ्या घातल्या. पलंग मिळाला नाही म्हणून ती चार तास स्ट्रेचरवर होती. दुखणं कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी कधी मिळते, कधी बाहेरून आणा म्हणतात.

सरकारकडे शंभर रुपये असतील तर शंभरच्या शंभर आधी रक्त, गोळ्या आणि पलंगांवर लावा. संशोधन अमेरिका-इंग्लंडात होतच असतं, झालं की आपण घेऊ. आज तडफडणाऱ्या माणसासमोर वीस वर्षांनंतरचा शोध ठेवून काय करायचं?

---

लेखाशीर्ष | १९ डिसेंबर, सकाळी ११.३०

माझी एकतीस वर्षं सरकारी हिशेबात गेली, त्यामुळे माझ्याकडे आकडेच आहेत.

साधा_प्रश्न, तुमचे शंभर रुपये घेऊनच बोलू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५८ कोटी दिले. त्यात आरोग्य संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३,९०० कोटी. म्हणजे शंभरातले शहाण्णव रुपये आधीच दवाखाने, योजना, औषधं आणि पगारांकडे जातात, संशोधनाकडे येतात चार. त्या चार रुपयांत आयसीएमआरच्या देशभरातल्या सगळ्या संस्था आल्या, त्यांचे पगार, इमारती, साथीच्या आजारांचं काम, कॅन्सर, क्षयरोग, सगळं. जन्मजात आणि दीर्घकाळच्या आजारांचा वाटा त्यातला. तुमच्या बहिणीचा पलंग या चार रुपयांमुळे अडलेला नाही.

सगळ्या विज्ञानांचा मिळून विचार केला तरी आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी असं सांगितलं गेलं, पण त्यात सरकारचे १४,००० कोटी आणि उरलेले उद्योग व इतर स्रोतांतून यायचे. आता विचार करा, उद्योग कशावर पैसा लावेल? ज्या आजाराचे रुग्ण प्रामुख्यानं आदिवासी, दलित आणि शेतमजूर घरांतले, त्या आजारावर परतावा कोणाला दिसणार? म्हणून अशा आजारांना सरकारशिवाय वाली नाही.

मनीषाताई, तीन वर्षांचं गणितही हिशेबाच्या बाजूनं सांगतो. मंजुरी देणाऱ्याला काम वेळेत संपलेलं हवं, हिशेब बंद झालेला हवा. ते चुकीचं नाही, मीही आयुष्यभर तेच मागितलं. पण रस्त्याचं काम पूर्ण होतं तसा सिकलसेल पूर्ण होत नाही. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली जाते आणि तुमच्या त्या खोलीला कुलूप लागतं.

राज्याच्या बाजूनं आणखी एक अडचण. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. मूल एकच आणि त्याच्या तीन फायली तीन विभागांत.

---

कुरखेडा_रोड | १९ डिसेंबर, दुपारी २.०५

आमच्या भागात तपासणीवाले येऊन राहिले, हे चांगलं आहे, खोटं काऊन बोलू. शाळेत कॅम्प झाला, कार्डं भेटली. आता पुढचं कोणी बोलतच नाही. माझ्या पुतणीला कार्ड भेटून दीड वर्ष झालं. तिला गोळी सुरू करायची की नाही हे विचारायला नागपूरला या म्हणतात. जायचा-यायचा दिवस आणि मजुरी, दोन्ही बुडते. आमच्या गावात अकरा एसएस आहेत. त्यांचं काय होऊन राहिलं, हे कोणी लिहून ठेवते का?

---

निवासी_डॉक्टर | १९ डिसेंबर, रात्री ११.२०

ड्यूटी संपवून लिहितो आहे, लांबेल.

साधा_प्रश्न, रात्री एक वाजता रक्त शोधणारे नातेवाईक मी रोज पाहतो, त्यामुळे तुमचा त्रागा मला कळतो. पण ज्या गोळीसाठी तुम्ही भांडता ती मिळाली कशी ते सांगतो. हायड्रॉक्सीयुरिया हे मुळात कॅन्सरमध्ये वापरायचं जुनं, स्वस्त औषध. सिकलसेलमध्ये ते चालतं हे १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत सिद्ध झालं, दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. ती चाचणी तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या पैशानं झाली.

पण तिकडची पद्धत अशी की डोस हळूहळू वाढवत किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचा आणि दर टप्प्याला रक्त तपासत राहायचं. कुरखेड्याच्या मुलीला ते कसं जमावं? इथे नागपूरचं काम आलं. मेडिकलच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किलोमागे १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेला डोस मुलांना देऊन पाहिला. २०१२ साली तो अभ्यास छापून आला. कमी डोसनंही झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी झाली. डोस कमी म्हणजे खर्च कमी, धोका कमी, नागपूरच्या फेऱ्या कमी. अमेरिकेत कितीही संशोधन झालं असतं तरी हा प्रश्न तिथे कोणाला पडलाच नसता. तो पडला कारण विचारणाऱ्यांच्या ओपीडीत गोंदिया-गडचिरोलीची मुलं बसली होती.

आणखी एक. १९८६ साली अमेरिकेतच लहान सिकलसेल मुलांना रोज पेनिसिलिनची साधी गोळी देऊन पाहिली. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका ठळक होता की चाचणी आठ महिने आधीच थांबवून सगळ्यांना गोळी सुरू केली. जन्मल्याबरोबर तपासणी करावी हा आग्रह तिकडे त्यानंतर वाढला. म्हणजे तपासणीमागेसुद्धा आधी संशोधनच होतं.

मनीषाताई, आता तुमचा प्रश्न. दोघं एसएस असून फरक का? जे पक्कं माहीत आहे ते असं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात एफ हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते ओसरतं आणि त्याची जागा मोठ्यांचं हिमोग्लोबिन घेतं. काहींमध्ये ते पूर्ण ओसरत नाही, थोडं उरतं आणि पेशींना विळ्यासारखं वाकू देत नाही. ज्याच्यात एफ जास्त उरलं त्याचं बहुधा बरं चालतं. सोबत अल्फा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक दोषाचा गुण असेल तर त्याचाही परिणाम होतो. पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही. एफ भरपूर असूनही आडवी पडणारी मुलं मी पाहिली आहेत.

हे कळायला किती काळ लागला बघा. लहान बाळांना त्रास का होत नाही, असं १९४८ साली ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी विचारलं. एफ हिमोग्लोबिनचं बटण असलेला बीसीएल११ए हा जीन २००८ साली हाती लागला. त्यावर उभी राहिलेली कॅसजेव्ही ही जीन उपचारपद्धती २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं मंजूर केली. पंचाहत्तर वर्षं. हे तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत कधीच झालं नसतं. तिकडे त्या उपचाराची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर आहे, म्हणून "झालं की आपण घेऊ" हे जमणारं नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या सरकारी संस्थेनं स्वतःचं क्रिस्पर, म्हणजे जीन कापून दुरुस्त करायचं तंत्र उभं केलं आणि गेल्या महिन्यातच 'बिरसा १०१' ही सिकलसेलची जीन उपचारपद्धती जाहीर झाली. आदिवासी नेते बिरसा मुंडांचं नाव दिलं यातच ती कोणासाठी आहे ते आलं. तेही सरकारी पैशानंच झालं. रुग्णांपर्यंत यायला चाचण्यांची मोठी वाट बाकी आहे.

विदर्भाचं नाव या आजाराशी १९५८ पासून जोडलेलं आहे. शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते त्या वर्षी. पुढे भारतातला सिकलसेल सौम्य असतो असा एक समज बराच काळ चालला. नागपूरच्या नवजात बाळांचा जन्मापासून पाठपुरावा करून २०१६ साली जो अभ्यास छापून आला त्यात मध्य भारतातल्या मुलांचा आजार तितका सौम्य नसल्याचं दिसलं. नुसत्या तपासणीत हे दिसलं नसतं, त्या मुलांसोबत वर्षानुवर्षं राहावं लागलं.

---

छोटं_भोक | २० डिसेंबर, सकाळी ९.४५

विषय थोडा बाजूचा, पण आमचंही दुखणं हेच. मुलीच्या हृदयाला जन्मतः भोक होतं. अंगणवाडीत आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) डॉक्टरांनी पकडलं, ऑपरेशन पूर्ण सरकारी खर्चानं झालं. २०१३ पासूनच्या त्या योजनेचे आम्ही जन्मभर ऋणी राहू. आज ती अकरा वर्षांची आहे. पुढे तिनं खेळावं का, बाळंतपणात काय काळजी घ्यावी, हे विचारलं तर डॉक्टर परदेशातल्या मुलींचे अभ्यास सांगतात. ऑपरेशन झालेली आपल्याकडची हजारो मुलं मोठी होत आहेत. त्यांचं पुढे काय होतं ते पाहायला कोणी पैसा देत नाही, असं आमचे सर्जनच हळहळून म्हणाले.

---

तेजस_२४ | २० डिसेंबर, दुपारी १२.३०

मी स्वतः एसएस आहे. वय चोवीस. कमरेच्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्यानं झिजलं आहे, काठी घेऊन चालतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला म्हणून प्रमाणपत्र मिळालं, बारावीच्या पेपरला जादा वेळ मिळाला.

एक गोष्ट मनातून जात नाही. केंद्राच्या सिकलसेल मिशनच्या नावात निर्मूलन आहे, उद्दिष्ट २०४७ चं. भाषणांत सांगतात, लग्नाआधी रक्त तपासा, वाहकानं (दोष एकाच बाजूनं आलेल्या माणसानं) वाहकाशी लग्न करू नये. बरोबरच आहे, मीही माझ्या चुलत बहिणींना सांगतो. पण प्रत्येक पोस्टर माझ्यासारखा माणूस जन्माला येऊ नये यासाठी आहे. जे जन्मलो, मोठे झालो, चाळिशी गाठायची उमेद धरून आहोत, त्यांच्यासाठी पोस्टर कुठे आहे? मोठ्या झालेल्या एसएस रुग्णाची मूत्रपिंडं, डोळे, फुप्फुसं कशी राहतात याचं उत्तर मला माझ्या इथल्या माणसांच्या नोंदींतून हवं आहे. मी बालरोग विभागातून बाहेर पडलो त्या दिवसापासून कोणत्याच अभ्यासात नाही.

---

लेखाशीर्ष | २० डिसेंबर, दुपारी ४.००

तेजस, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं.

मिशन १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, १७ राज्यं, २७८ जिल्हे, तीन वर्षं. यंदाच्या मध्यापर्यंत सहा कोटींवर तपासण्या झाल्या आणि दोन लाखांवर रुग्ण सापडले. हे मोठं काम आहे आणि आशाताई व लॅबच्या लोकांनी पायपीट करून ते केलं आहे. ती तीन वर्षं येत्या मार्चमध्ये पुरी होतात. मला वाटतं, आपण बोलायची वेळ आत्ताच आहे. या दोन लाख माणसांचं नाव, गाव आणि पॅटर्न सरकारच्या हाती आहे. त्यांच्यापैकी काही हजारांचा वीस वर्षं पाठपुरावा करायचं ठरलं तर तसा अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी असेल. आणि नाही ठरलं तर मार्चनंतर ती एक यादी उरेल.

जागाही तयार आहेत. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात मिहानमधल्या एम्सचं लोकार्पण झालं, त्याच दिवशी चंद्रपूरचं हिमोग्लोबिन विकारांचं आयसीएमआरचं केंद्र देशाला अर्पण झालं. इमारत उभी राहण्याचा पैसा एकदाच द्यावा लागतो. त्यातल्या माणसांचा दरवर्षी, न चुकता द्यावा लागतो आणि आपलं घोडं तिथेच अडतं.

---

मिशिगनहून | २० डिसेंबर, रात्री ९.१५

मूळचा धरमपेठचा, इथे रुग्णालयात काम करतो. पैसा कोणाच्या आजाराकडे जातो याचा इथला दाखला देतो. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं बिघडवणारा, बहुतांशी गोऱ्या घरांतला जन्मजात आजार, सिकलसेल बहुतांशी कृष्णवर्णीय घरांतला. सिकलसेलचे रुग्ण तिपटीनं जास्त. तरी २०२० साली छापलेल्या एका अभ्यासात सरकारी संशोधन निधी दर रुग्णामागे सिस्टिक फायब्रोसिसला २,८०७ डॉलर आणि सिकलसेलला ८१२ डॉलर निघाला. नवी औषधंही पहिल्याकडे जास्त आली. आवाज असलेल्यांकडे पैसा जातो हे इथेही तसंच आहे.

---

साधा_प्रश्न | २१ डिसेंबर, सकाळी ७.५०

डॉक्टरसाहेब, १० मिलिग्रॅमची गोष्ट मला माहीत नव्हती. बहिणीला तोच डोस आहे, आत्ता पाकीट पाहिलं.

पलंग आणि रक्ताची माझी मागणी मी सोडत नाही. पण ती या चार रुपयांतून काढा असं आता म्हणणार नाही.

---

मनीषा_इंदोरा | २७ डिसेंबर, रात्री ९.३०

मंगळवारी डिस्चार्ज मिळाला. मुलगा घरी आहे, सकाळी गच्चीवर उन्हात बसतो.

तुमचं सगळं वाचून हिंमत आली. काल मी त्या विभागात गेले. अर्जबिर्ज केला नाही, एका कागदावर मुलाचं नाव, जुना नोंदणी क्रमांक लिहिला आणि "आमच्या मुलाची माहिती आम्हाला पाहायला मिळावी" एवढीच विनंती केली. क्रमांक होता, कारण ते जुनं कार्ड मी जपून ठेवलं होतं. नव्या मॅडम होत्या, तरुण. त्यांना प्रोजेक्टचं नावही माहीत नव्हतं, पण त्यांनी हाकलून दिलं नाही. शिपाईकाका तेच होते. त्यांनी तिसऱ्या कपाटातून दोरीनं बांधलेला गठ्ठा काढला.

नऊ पानं निघाली. पहिल्याच पानावर औषध सुरू व्हायच्या आधीचं एफ हिमोग्लोबिन लिहिलेलं होतं, अकरा टक्के. भाच्याचा जुना रिपोर्ट भावाकडे होता, त्यावर चोवीस. दहा वर्षं मी हे विचारत होते आणि अर्धं उत्तर त्या कपाटात पडून होतं. रागही आला आणि खूप हलकंही वाटलं. मी कुठे कमी पडले, खाण्यापिण्यात काय चुकलं, असं मनात कायम चालायचं. घरातलेही बोलायचे, तुझ्या भावजयीनं बघ कसं ठेवलंय पोराला. काल ते पान मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी स्वतः उठून मुलाच्या पायाला शेक दिला.

घरी आल्यावर माझी वही आणि ती नऊ पानं शेजारी ठेवली. तारखा जुळतात. त्यांची पानं सव्वादोन वर्षांवर थांबतात, माझी वही पुढे आठ वर्षं चालू आहे. किती दिवस दुखलं, कुठे दुखलं, रक्त कधी चढवलं, कोणत्या महिन्यात, सगळं आहे. या वहीचा कोणाला उपयोग आहे का?

---

निवासी_डॉक्टर | २७ डिसेंबर, रात्री ११.४०

ताई, आहे. मी हे शिष्टाचार म्हणून म्हणत नाही. आठ वर्षांच्या तारीखवार नोंदी आमच्या विभागातसुद्धा मोजक्या मुलांच्या निघतील.

अकरा आणि चोवीस हा फरक बराच काही सांगतो, पण सगळं नाही, हे मनात असू द्या. भाच्याचाही पाठपुरावा सोडू नका.

आणि तुम्ही मागितलं ते तुमच्या हक्काचंच होतं. अभ्यासातून जे निघालं ते सहभागी लोकांपर्यंत पोचवायचा प्रयत्न झाला पाहिजे, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. पण प्रोजेक्टचा पैसा संपल्यावर ते पोचवायला माणूसच उरत नाही.

---

लेखाशीर्ष | २८ डिसेंबर, सकाळी १०.१५

मी निवेदनाचा मसुदा लिहायला घेतला आहे. १ फेब्रुवारीला बजेट येईल, त्यानंतर अनुदानाच्या मागण्या आरोग्याच्या संसदीय स्थायी समितीपुढे जातात. तिथल्या सदस्यांना आणि विदर्भातल्या सगळ्या खासदारांना पाठवू. माझी मुख्य मागणी एकच आहे: मिशनमध्ये सापडलेल्या रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यासाठी स्वतंत्र तरतूद, किमान पंधरा वर्षांची हमी आणि त्यावरची माणसं कंत्राटी न ठेवता कायम पदांवर. दुसरी मागणी मनीषाताईंच्या कपाटातून आली. अभ्यास संपला की प्रत्येक घराला त्याचा निष्कर्ष साध्या मराठीत, आणि जिथे लागेल तिथे गोंडीत, सांगायचा खर्च मूळ मंजुरीतच धरला जावा. प्रौढ रुग्णांबद्दलचा परिच्छेद तेजसनं लिहावा अशी माझी विनंती आहे.

---

तेजस_२४ | २८ डिसेंबर, दुपारी १.००

लिहितो काका. आईला विचारलं तर तिच्याकडेही वही निघाली. मी चौथीत असेपर्यंतची, वाण्याच्या हिशेबाच्या पानांमध्ये.

---

कुरखेडा_रोड | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

आमच्या अकरा जणांची लिहायला सुरुवात करतो. आशाताई तयार आहेत, काल बोललो. वहीत काय काय लिहायचं ते कोणी नीट सांगा. सोपं सांगा बाप्पा, लिहिणारी पोरगी दहावीतली आहे.

---

वैनगंगाकाठ | २८ डिसेंबर, रात्री ८.५०

मी सांगते, हे तर माझंच काम होतं.

दुखणं सुरू झालं ती तारीख आणि थांबलं ती तारीख. कुठे दुखलं. ताप होता का. घरीच बरं वाटलं की दवाखान्यात न्यावं लागलं, आणि नेलं तर किती दिवस. रक्त चढवलं असेल तर किती बाटल्या. गोळी रोज घेतली का, आणि नसेल तर का नाही, हेही लिहा, संपली की विसरली की मिळालीच नाही. शाळा किंवा मजुरी किती दिवस बुडली. त्या दिवसांत थंडी, पाऊस, लांबचा प्रवास, उपास असं काही झालं होतं का. काहीच झालं नाही तरी महिन्याच्या शेवटी "काही नाही" असं लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. कोऱ्या पानावरून मूल बरं होतं की लिहायचं राहिलं ते नंतर कळत नाही.

नावं इथे धाग्यावर टाकू नका. वहीतही प्रत्येकाला नंबर द्या आणि नावांची यादी वेगळी, आशाताईंकडे कुलपात ठेवा.

मनीषाताई, रविवारी मला सुट्टी असते. चालणार असेल तर घरी येते, तुमची आठ वर्षं कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ.